एकाच ओळीची दोन कार्डं

माणसाचं सगळं आधीच ठोकून ठेवलेलं असतं, असं पंडित गेली वीस वर्षं ज्याला त्याला ऐकवत आला होता. पंडित हे काही त्याचं खरं नाव नव्हे, मिलमधल्या लोकांनी चेष्टेनं ठेवलेलं. पण ह्याची बडबड ऐकली की वाटायचं, बरोबर ठेवलंय! मिल नक्षीच्या कापडाची, आणि हा तिथला कार्ड ठोकणारा. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात. त्यातली एकेक ओळ वाचायची आणि त्याबरहुकूम एकेका पुठ्ठ्याच्या कार्डात भोकं पाडायची. अशी चार-पाचशे कार्डं ओळीनं ओवली की त्यांची गोल माळ मागावर चढते आणि फिरत राहते. भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. "विचारा त्या मागाला," पंडित म्हणायचा, "म्हणेल, मी माझ्या मर्जीनं पान विणतोय! अरे, कसली डोंबलाची मर्जी? तसंच आपलं. आईबाप, घरदार, लहानपणीचा मार, सगळी भोकं पडून गेलेली असतात. आपण नुसतं खडखडायचं." ऐकणारे माना डोलवायचे आणि आपापल्या कामाला लागायचे.

ह्या शनिवारी सकाळी मात्र पंडितला स्वतःचंच बोलणं पुरेना. सुट्टी असून तो पहाटेच उठला होता. खुर्चीत बसला, उठला, खिडकीशी गेला, बूट घातले, काढले, पुन्हा घातले.

"अहो, अंगात काय शिरलंय तुमच्या?" बायको म्हणाली. "चहा घ्या आधी."

"माणसाच्या हातात काय असतं गं?"

"तुमच्या हातात सध्या कप आहे, आणि तो सांडतोय."

तिला काही ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते फक्त पंडितला, आणि ते सोमवारपासून त्याला आतून कुरतडत होतं.

झालं होतं असं. ओळ चुकू नये म्हणून पंडित कागदावर लोखंडी पट्टी ठेवायचा आणि एक कार्ड झालं की पट्टी एक घर खाली सरकवायचा. मागच्या आठवड्यात मधेच फोन आला, तो उठला, बोलून परत आला आणि पट्टी न सरकवताच ठोकायला बसला. एकाच ओळीची दोन कार्डं झाली. ती माळ चढली नेमकी त्याच्या धाकट्या भावाच्या मागावर, कारण धाकटा त्याच मिलमध्ये विणकर. तेच धागे लागोपाठ दोनदा उचलले जाऊन कापडावर आडव्या जाड रेषा उमटायला लागल्या. आता आडवी रेषा म्हटली की दोष विणकराचा, हे मिलमध्ये पोरंसोरंही सांगतील. माग थांबवून पुन्हा चालू करताना हात ढिला पडला की तशी रेषा पडते. सोमवारी सकाळी मॅनेजरनं धाकट्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं.

पंडितनं दुपारी गुपचूप कागद तपासला आणि आपली चूक त्याला सापडली. संध्याकाळी पाळी बदलताना, ओवण सैल झालंय असं सांगून त्यानं माळ उतरवली, जास्तीचं कार्ड काढून खिशात घातलं आणि माळ पुन्हा चढवली. मंगळवारपासून कापड स्वच्छ! झालं, मॅनेजरला आयतंच सापडलं. "बघा, ओरडल्यावर कसा नीट विणतो. म्हणजे आधी झोपाच काढत होता." शनिवारी बारा वाजता सही करून निघायचं, असा हुकूम सुटला. धाकट्याला दोन मुली, दोघी शाळेत. आणि कामचुकार म्हणून काढलेल्या विणकराला आसपासची एकही मिल दारात उभी करत नाही.

पंडित मात्र मूग गिळून बसला. बोलावं तर स्वतःची नोकरी जाणार, आणि चौपन्नाव्या वर्षी त्याला ठोकायला पुठ्ठे कोण देणार होतं? मग दिवसभर तो स्वतःला समजावायचा. आपला बापही असाच, साहेबासमोर ब्र काढायचा नाही. ही भीती मी का विकत आणली? माझ्या आत ती कुणी घातली? मी कसा बोलणार? मुद्दा बिनतोड होता. तरी घास काही खाली उतरत नव्हता.

साडेदहाला तो बायकोला न सांगताच बाहेर पडला. मिलच्या फाटकाशी पोचला, मागे फिरला, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन उगाच काड्यापेटी घेतली, पुन्हा फाटकाशी आला. स्वतःचाच त्याला संताप येत होता. शेवटी आत शिरला, तो कपडे बदलायच्या खोलीत धाकटा आपलं कपाट रिकामं करत होता. डबा, जुनी चप्पल, मुलींचा फोटो, सगळं पिशवीत.

"दादा? आज तर तुझी सुट्टी ना?"

"हो... म्हणजे सहज आलो."

धाकट्यानं फोटो रुमालात गुंडाळला. "रेषा सत्तावीस इंचांवर पडत होत्या," तो म्हणाला. "दर वेळी बरोब्बर सत्तावीस, म्हणजे माळेचा एक फेरा. टेप लावून बघितलं मी. हाताची चूक इतक्या शिस्तीत पडत नाही. मग तू ओवण बघायला आलास आणि रेषा बंद झाल्या."

पंडित मटकन बाकावर बसला. "मग बोलला का नाहीस?"

"तुझं नाव मी कसं घेणार? तू सांगशील म्हणून दोन दिवस वाट बघितली. मग म्हटलं, जाऊ दे. बाबांची सायकल तू हरवलीस तेव्हाही मीच मार खाल्ला होता." धाकटा हसला, अगदी मनापासून. "तू आहेसच तसा, दादा. त्याला तू तरी काय करणार? तुझा काय दोष?"

तुझा काय दोष! वीस वर्षं हेच तर तो जगाला पटवत होता, आणि आज कुणीतरी इतक्या मायेनं ते त्याच्या पदरात टाकलं होतं. पंडितच्या अंगाची आग आग झाली. ह्यापेक्षा धाकट्यानं थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

"दोष नाही म्हणजे?" तो ओरडला. "मी काय माग आहे? लाकूड आहे मी?"

"अरे, हळू..."

पण पंडित जिना चढायलाही लागला होता. भीती गेली होती असं समजू नका. बापाची ती भीती जशीच्या तशी आत होती. तिला घेऊनच तो मॅनेजरच्या खोलीत शिरला, खिशातलं ते जास्तीचं कार्ड टेबलावर ठेवलं आणि फोनपासून ओवणापर्यंत सगळं सांगून टाकलं.

मॅनेजरनं कार्ड उजेडात धरून पाहिलं. मग घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजत आले होते आणि सहीचा कागद तयार होता. असा जुना कार्डवाला शोधून मिळत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

"अहो पंडित, बसा," तो समजुतीनं म्हणाला. "माणूस आहे, फोन आला, पट्टी राहिली. तुमच्या हातात का होतं ते? चुकून झालं. हे कार्ड मी पाहिलंच नाही. जा घरी."

दार उघडंच होतं. पंडितनं एकदा तिकडे पाहिलं.

"पट्टी राहिली ती चुकून, साहेब," तो म्हणाला. "पण नंतर गप्प बसलो ते चुकून नाही. सोमवारी बसलो, मंगळवारी बसलो, रोज सकाळी उठून नव्यानं बसलो. ते मी केलं. कागदावरचं त्याचं नाव खोडा आणि माझं घाला."