लंडनला म्हटलेलं व्हय

ऐंशीच्या दशकात लंडनला असताना महिनाअखेर नोकरी मिळाली नसती, तर मला निपाणीला परतून वडिलांच्या तंबाखूच्या वखारीत बसावं लागलं असतं. म्हणून माझा खोलीतला सोबती, चिकोडीचा, मला एका पबच्या माडीवर घेऊन गेला. घरी बनवलेले कॉम्प्युटर घेऊन हौशी मंडळी तिथं जमायची. ओळखीतून नोकऱ्या लागतात, असं त्याचं म्हणणं.

तिथं एका कंपनीचे मालक भेटले. त्यांच्या मशीनमधल्या तारा उलगडल्या असत्या तर थेट बेळगावला पोचल्या असत्या. एकेक तार दाखवत ते म्हणाले, "ही मी इथं जोडली." मला काही कळत नव्हतं. ऐकतोय एवढं दिसावं म्हणून मी आमच्याकडच्या सवयीनं म्हणालो, "व्हय."

इंग्रजी कानाला ते 'व्हाय', म्हणजे 'का?' असं ऐकू गेलं. त्यांनी कारण सांगितलं. मी मान डोलावली, "व्हय." मग त्यांनी कारणाचं कारण सांगितलं. असं करत ते विजेच्या शोधापर्यंत मागं गेले. निम्मं लंडन भोवती गोळा झालं.

सोबती कानाशी पुटपुटला, "बास कर रं. त्येला लई घाम फुटलाय. एकदा तरी न्हाय म्हण."

तेवढ्यात मालकांना स्वतःचीच चूक सापडली. त्यांनी एक तार बदलली आणि इतका वेळ काळा असलेल्या पडद्यावर अक्षरं उमटली.

"इतके खोल प्रश्न मला आजवर कुणी विचारले नाहीत," ते म्हणाले. "सोमवारपासून कामावर याल?"

सोबत्यानं टेबलाखाली माझा पाय करकचून दाबला.

मी 'येस' म्हणालो.