आईनं सोडलेला भात

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मग तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही आमच्या गावचे नाही, म्हणून असेल. किंवा काल घरात नव्या तांदळाचा भात शिजला, म्हणूनही असेल.

आधी एक सांगून टाकतो, माझं बरं चाललंय. अगदी मजेत. भुशी धरणाकडे फिरायला आलेली माणसं शनिवार-रविवारी वाट वाकडी करून आमच्या पडवीत जेवायला येतात. पिठलं, भाकरी, ठेचा आणि आमच्याच खाचरातल्या इंद्रायणीचा भात. चूल मी सांभाळतो. व्हय, मीच! आंबीच्या एका कारखान्यात नऊ वर्षं क्वालिटीत होतो, पार्ट तपासून तपासून डोळे फुटायची वेळ आली होती. आता भाकरी टम्म फुगली की गालातल्या गालात हसतो. येडा म्हणा हवं तर.

तिथली लाइन बंद पडली आणि मी घरी बसलो. दीड वर्ष नुसते अर्ज. इस्त्रीचा शर्ट घालून इंटरव्ह्यूला जायचं आणि 'कळवतो' ऐकून परत यायचं. घोडं कुठं पेंड खात होतं, देव जाणे. गावात जो भेटेल तो विचारायचा, "काय, लागलं का कुटं?" मी रस्ता बदलून जायला लागलो. त्याच दिवसांत आईनं गावदेवीपुढं नारळ ठेवला आणि बोलून बसली — पोराला नोकरी मिळंपतूर भात खाणार न्हाई.

मावळातल्या बाईनं भात सोडायचा म्हणजे काय, कळतंय ना? आमच्याकडं सणाला पुरणपोळी हाणली तरी शेवटी मूठभर भात लागतोच, त्याशिवाय जेवलो असं वाटतच नाही. मी चिडलो तिच्यावर. तर म्हणाली, "तू तुजं बघ. मला भाकरी लय ग्वाड लागती."

रिकामं बसून घर खायला उठलं होतं, म्हणून पडवीत जेवणं सुरू केली. नोकरी लागेपर्यंत, एवढंच ठरलं होतं. आणि — कसं सांगू — मला ते आवडायला लागलं. फारच आवडायला लागलं.

किती फिरवतोय बघा. मुद्द्यावर येतो.

तीन वर्षं झाली त्या दिवसाला. दुपारची वेळ, बारा माणसं पंगतीला बसलेली, मी भात वाढत होतो आणि फोन वाजला. इंटरव्ह्यू देऊन आलो होतो त्या, उर्से टोलनाक्यापलीकडच्या कंपनीचा मेल. निवड झालीय, सोमवारपासून या. आनंद व्हायला हवा होता ना? परत ते गळ्यात कार्ड, ती शिफ्ट, ते पार्ट! चुलीमागं उभं राहून कळवून टाकलं — घरगुती अडचणीमुळे येऊ शकत नाही. कसली अडचण? घरात बारा माणसं मिटक्या मारत होती.

संध्याकाळी आईनं विचारलं, "त्या कंपनीचं काय झालं रं?"

खरं सांगितलं असतं तर तिनं हाताला धरून मला त्यांच्या गेटवर नेऊन सोडलं असतं. आणि मी गेलोही असतो. मी म्हणालो, "नाही झालं, आई."

"आसू दे. देवीच्या मनात आसंल तवा व्हईल," ती म्हणाली आणि आमटीत भाकरी कुस्करायला लागली.

म्हणजे काय झालं, आलं का लक्षात? नोकरी मिळाली होती. तिचा नवस त्या दुपारीच पुरा झाला होता. त्याच दिवशी तिनं भात खायचा होता. हे तेव्हा मला एकट्याला माहीत होतं, आणि आजही मला एकट्यालाच माहीत आहे. आता सांगितलं तर ही तीन वर्षं तिला कुठून आणून देऊ?

ती रोज पातेल्यावरचं झाकण काढते, एक शीत बोटांत दाबून बघते, "झाला," म्हणते आणि बोटं पदराला पुसते. मी बघत असतो. भित्रा म्हणा, खोटारडा म्हणा — दोन्ही आहे मी.

काल भात शिजला तसा वासानं घर भरलं. आईनं देवीला नैवेद्य दाखवला, मला वाढलं, वर तुपाची धार सोडली. "खा, औंदा लय वास सुटलाय," म्हणाली, आणि आपल्या ताटात भाकरी मोडून घेतली.

मी दोनदा भात घेतला.