येतो म्हणायचं नाही

सुखदेवकाकांच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नाही, असा नियम होता. नवा माणूस हमखास चुकायचा. चहा संपवून, पायात चपला सरकवत सवयीने म्हणायचा, "बरं काका, येतो." काका बाजेवरून मान वर करायचे. "येतो नोको म्हनू. जातो म्हन." निघताना 'जातो' म्हणणं आपल्याकडे अशुभ. माणूस बिचकून माझ्याकडे पाहायचा. मी खूण करायचो, म्हणून टाक. त्याने म्हटलं की काका म्हणायचे, "हां. जयभीम. नीट जा."

त्यांचा एकुलता एक मुलगा, विलास, वणीला कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. एका सकाळी डबा घेऊन "येतो बाबा" म्हणून निघाला आणि चंद्रपूरच्या रस्त्यावर अपघातात गेला. तेव्हापासून हा नियम. काका त्यावर एकदाच बोलले होते. "जातो म्हननारा खोटा तं पडत नाही, मास्तर."

मी त्यांचा शेजारी. राळेगावला शाळेत शिकवतो. काका गावच्या पाणीपुरवठ्यावर व्हॉल्व्ह उघडायचे. खांद्यावर लांब लोखंडी चावी आणि हातात सायकल घेऊन ते गल्लीत शिरले की बाया दारात यायच्या. "काका, आमची गल्ली का सावत्र आहे?" काका चावी फिरवता फिरवता म्हणायचे, "पानी कोनाच्या बापाचं नाही, टाकीचं आहे." पाणी केव्हा येणार, या प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "आलं की कळन." उन्हाळ्यात आमच्या गल्लीचं पाणी ते सगळ्यात शेवटी सोडायचे, म्हणजे कोणी बोट दाखवू नये. कांताकाकू कुरकुरायच्या, "साऱ्या गावाले पानी, अन् घरची घागर पालथी." काका हसून भाकरी मोडायचे.

ते निवृत्त झाल्यावर आमच्या कॉलनीने कोकणची सहल काढली. काढली म्हणजे मी काढली. गाडी, जेवण, मंदिरं, सगळं मी ठरवलेलं, आणि त्याचा मला फार अभिमान होता. काकांनी कधी समुद्र पाहिला नव्हता. काकूंचे गुडघे दुखत होते, पण त्यांनीच काकांना ढकललं. "जा. घरी बसून भिंती पाहता दिवसभर."

सहलीत एक राखीव कांदळवन होतं. खाडीतून होडीने फिरवून तिथल्या गाईडबाई झाडं, पक्षी दाखवायच्या. त्यांनी फोनवर बजावलं होतं, भरतीला या. मी वाटेत एक देऊळ जास्तीचं घेतलं आणि आम्ही पोचलो तेव्हा खाडी रिकामी होती. होड्या चिखलात कुशीवर पडलेल्या. बाईंनी आम्हाला लाकडी पुलावरून पायी आत नेलं. चिखलातून बोटभर मुळ्या वर आलेल्या, जणू कोणी खुंट्या ठोकल्यात. लहानसे लाल खेकडे भोकातून डोकावत होते.

"हे झाड मेलं काय?" काकांनी विचारलं.

"नाय काका, ही मुळं श्वास घेतत."

"उलटंच आहे. आमच्याकडे मुळी वर आली का झाड गेलं."

सगळे हसले. काकाही हसले. मग कठड्याला धरून त्यांनी बराच वेळ तो चिखल पाहिला.

"पानी कुठे गेलं म्हंता?"

"आता ओहोटी हा. सांजेक पाणी येतलां." येतलां म्हणजे येणार.

"सोडते कोन?"

बाईंना आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कोणी सोडूक नको, काका. आपसूक येता. रोज."

काका पुलाच्या पायरीवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मी थांबतो मास्तर. पाहून घेतो."

आमच्या जिल्ह्यात गेलेलं पाणी त्या वर्षी परत येत नाही. विहीर आटली की आटली, नाला कोरडा पडला की पडला. मुलाचंही तसंच झालं होतं. हे सगळं मला आज सुचतं. त्या दुपारी मला घाई होती. पुढे एक मंदिर होतं, रात्री परतीची गाडी होती, मागे माणसं खोळंबली होती. मी म्हणालो, "चला काका. पाणीच तर आहे, त्यात काय पाहायचं?"

काकांनी वर पाहिलं. टोपी झटकली, डोक्यावर ठेवली. "हो. पानीच तं आहे," म्हणाले आणि उठले.

गाडीत ते मागच्या काचेतून पाहत बसले होते.

नंतर ते जेव्हा भेटायचे तेव्हा थट्टेने विचारायचे, "काहो मास्तर, येतलां का ते पानी?" मी म्हणायचो, "येतलां काका. पुढच्या सुट्टीत जाऊ." प्रत्येक सुट्टीत काहीतरी निघायचं. परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे, घराचं रंगकाम, मुलीची अॅडमिशन. यवतमाळच्या दवाखान्यात त्यांना भेटलो तेव्हाही नाकातली नळी सावरत त्यांनी तेच विचारलं. मी म्हणालो, "दिवाळीत नक्की." निघताना म्हणालो, "जातो काका." त्यांनी हात वर केला. दिवाळीच्या आधीच ते गेले.

यंदा उन्हाळ्यात मी एकटा त्या खाडीवर गेलो. दुपारी त्याच पायरीवर बसलो. पाणी आलं तेव्हा आवाज काहीच झाला नाही. आधी खेकड्यांची भोकं भरली, मग मुळ्या एकेक करून बुडाल्या, मग कुशीवर पडलेल्या होड्या सरळ झाल्या. शेजारची जागा रिकामी होती.

परतल्यावर काकूंकडे गेलो. त्या तुरी निवडत होत्या. सगळं सांगितलं. 'पाणीच तर आहे' हे माझं वाक्यही सांगितलं, जे काकूंना कधी कळलं नव्हतं. काकूंचा हात सुपात थांबला.

"खरंच आलं?"

"आलं."

"कोनी सोडलं नाही?"

"कोणी नाही, काकू."

"बरं झालं पाह्यलं तुमी," त्या म्हणाल्या. "त्यायले वाटे, ते बाई म्हाताऱ्याची समजूत घालून राह्यली होती." आणि पुन्हा खडे वेचू लागल्या.

मी उठलो. चपला पायात घातल्या आणि दारात तसाच उभा राहिलो. काकूंनी वर पाहिलं. "काहीतरी म्हना, मास्तर. असं मुक्यानं जाऊ नाही."

मी म्हणालो, "जातो."