शिंपल्यातला घास

मालाडला मी ज्या घरी स्वयंपाक करते, तिथे काचेच्या टाकीत समुद्राचे मासे पाळले आहेत. त्यांची देखभाल करायला दर मंगळवारी एक माणूस येतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. अंगातला शर्ट खिळ्याला अडकवल्यासारखा दिसतो. दिवसभर घरोघरी फिरतो, पण चहासुद्धा घेत नाही. "मी बाहेरचं खात नाही," एवढंच म्हणतो. माशांशी मात्र लाडात बोलतो.

गेल्या महिन्यात पिवळा मासा खाईना. त्याचं पोट खपाटीला गेलं. घरच्या वहिनी म्हणाल्या, "मेला तर दुसरा आणा."

"मग माणूसपण दुसरा बघा," हा म्हणाला.

त्याने लसूण लावलेली कोलंबी दिली. माशाने ती तोंडात घेऊन थुंकली. पुढच्या खेपेला त्याने मला बाजारातून तिसऱ्या, म्हणजे जिवंत शिंपल्या, आणायला सांगितल्या. एक शिंपला उघडून टाकीच्या तळाशी ठेवला. मी टक लावून बघायला लागले.

"बघू नका ओ ताई, लाजतो तो. ठेवायचं आणि बाजूला व्हायचं."

आम्ही दोघं टाकीकडे पाठ करून उभे राहिलो. वळून बघितलं तर मासा शिंपल्यात तोंड घालून टोचत होता.

"खा रे राजा," तो म्हणाला. तेव्हा मी त्याला पहिल्यांदा हसताना बघितलं.

उरलेल्या तिसऱ्यांचं मी खोबरं घालून सुकं केलं. त्याला काही विचारलं नाही. ओट्यावर ताट ठेवलं आणि कपडे वाळत घालायला गेले.

परत आले तेव्हा तो निघून गेला होता. ताट रिकामं होतं, फक्त खोबरं कडेला काढून ठेवलेलं.

येत्या मंगळवारी खोबरं घालणार नाही.