जिभेला धरणारा पंप

मागच्या रविवारी आमच्या गुढियारीच्या घराच्या अंगणात बाबांनी मला एका लोखंडी वस्तूला जीभ लावायला सांगितली... आणि मी, छप्पन्न वर्षांचा, दोन मुलींचा बाप, मुकाट्याने लावली.

वस्तू म्हणजे आमच्या जुन्या जीपचा फ्युएल पंप. मुठीएवढा, बाजूला एक लिव्हर, वर काचेची वाटी. इंजिन फिरलं की लिव्हर हलते, आतला रबरी कापडाचा पडदा वरखाली होतो आणि टाकीतलं पेट्रोल ओढून पुढे पाठवतो. हा पडदाच फाटला होता. चार महिने जीप आंब्याखाली उभी, आणि बॉनेटवर शेजारची मांजर.

बाबा रेल्वेच्या शेडमधून फिटर म्हणून रिटायर झाले. आता वय ब्याऐंशी. वर्षभरापासून हात कापतात, आणि विसरायला लागलेत... चहा पिऊन झाल्यावर चहा मागतात, मला काकांच्या नावाने हाक मारतात. डॉक्टर म्हणाले, हे हळूहळू वाढत जाईल. नागपूरची बहीण म्हणते, जीप देऊन टाका एकदाची. मी काहीच ठरवत नव्हतो. त्या कामात माझा हात कोणी धरू शकत नाही.

शेवटी बाबाच म्हणाले, "हा पंप मले जमला त ठीक. नाही जमला त देऊन टाक गाडी. मंग मले बी समजन का मी संपलो."

म्हणजे दुरुस्ती पंपाची, पण परीक्षा बाबांची. आणि हात माझे.

थंडीतलं ऊन होतं, अंगावर घ्यावं असं. रॉकेलचा वास, परातीत धुऊन ठेवलेले सुटे भाग, लांबून यार्डातल्या मालगाडीचे डबे एकमेकांना धडकल्याचे आवाज... बाबा खुर्चीवर, मी त्यांच्या पायाशी पाटावर. एकेक भाग ते उन्हात धरून बघायचे आणि मग मला द्यायचे. मला मध्येच वाटलं, मी आठ वर्षांचा आहे आणि ही दुपार संपायचीच नाही.

गंमत म्हणजे ते काहीच विसरत नव्हते. कुठला व्हॉल्व्ह कुठे, कुठला उलटा, स्प्रिंगची कुठली बाजू खाली... सगळं सांगत होते. मी घाई केली की तेवढं, "काहून धावून राहिला बे, गाडी सुटून राहिली का तुही?"

पडदा बसला, वरचं झाकण बसलं, मी पेच कसायला घेतले. तेव्हा मात्र त्यांचा हात सारखा मध्येच होता. मी दोनदा म्हटलं, बाबा हात काढा ना, पेच दिसत नाही. त्यांनी काढला नाही. मला वाटलं, हात कापतोय म्हणून आधाराला पंप धरलाय... थोडा वैतागलोच मी. खरं सांगतो.

मग ती जीभ. शेडमधल्या जुन्या लोकांची रीत म्हणे. लिव्हर दाबायची, पेट्रोल आत येण्याच्या भोकावर जीभ टेकवायची आणि दहा आकडे मोजायचे. पंप चांगला असला तर जीभ सोडत नाही. आमच्या पंपाने माझी अशी धरली की बायको दारातून म्हणाली, राहू द्या थोडा वेळ तशीच.

बाबा हसले. मी साहू भैयांना फोन लावला. आमच्याच पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले मेकॅनिक, पंप इंजिनवर चढवायला तेच येणार होते. पंप तयार आहे म्हटलं, तर त्यांनी विचारलं, "भैया, पेच कसते टाइम लिवर पूरा दबा के रखे थे ना?"

मग तेच समजावायला लागले... लिव्हर मोकळी ठेवून पेच कसले तर पडदा ताणलेलाच बसतो. आज जीभ धरेल, पण पंधरा दिवसांत रस्त्यावर फाटेल.

बाबांनी हे सांगितलंच नव्हतं. सगळं सांगितलं, आणि नेमकं हेच विसरले. ते झोपल्यावर गुपचूप उघडून पुन्हा बसवू, त्यांना कळू द्यायचं नाही, असं मी ठरवून टाकलं. जन्मात पहिल्यांदा काहीतरी लगेच ठरवलं.

तेवढ्यात बायकोने चहा आणला. बाबांनी कप घेतला, आणि मला त्यांचा अंगठा दिसला. मधोमध खोल, लालभडक खूण. लिव्हरच्या रुंदीची.

सगळे पेच कसून होईपर्यंत त्यांनी ती लिव्हर पूर्ण दाबून धरली होती. आत केवढी दणकट स्प्रिंग आहे, ते मला माहीत आहे. आणि आता आठवलं... तेवढा वेळ तो हात कापत नव्हता.

मी विचारलं, बाबा, लिव्हर तुम्ही दाबून धरली होती?

त्यांनी अंगठा उन्हात धरून बघितला. "मले नाही आठवून राहिलं," म्हणाले. "हाताले ठाऊक असन."

मी उगाच परात उचलून नळावर गेलो.

ऊन उतरायच्या आत साहू भैयांनी पंप चढवला. काचेच्या वाटीत पेट्रोल हळूहळू चढत गेलं, आणि बाबा त्या वाटीकडे लहान मुलासारखे बघत होते. तिसऱ्या सेल्फला इंजिन लागलं. मांजर पळाली.

रात्री बाबांनी विचारलं, "जीप कोनं दुरुस्त केली रे?" मी म्हटलं, तुम्ही. "हव?" म्हणाले, आणि खूश होऊन झोपले.

गाडी द्यायची नाही, हे ठरलं. आणखी एक ठरलंय... यापुढे त्यांचा हात मध्ये आला, तर मी थांबणार आहे. हात काढा म्हणणार नाही.