एखादं नाव वगळायचं का?

संक्रांतीसाठी हलवा करायला बसलं की फोन उचलता येत नाही. मंद आचेवर परातीत खसखस हलवत राहायची, वरून थोडा थोडा पाक सोडायचा, दाण्यावर काटा येईपर्यंत हात थांबवायचा नाही. मग त्याचे दागिने ओवायचे. नेमका तेव्हाच फोन वाजणार. किती जणींवर खेकसले असेन, देव जाणे. शेवटी भाची म्हणाली, व्हर्च्युअल असिस्टंट ठेव. तिच्या घरूनच तुझे मेसेज बघेल.

नामपूरची मुलगी मिळाली. बी.कॉम. झालेली, पण आजारी वडिलांना सोडून नोकरीला बाहेर पडता येत नव्हतं. मी तिला कधी पाहिलं नाही, आवाज तेवढा ओळखीचा झाला. पहिल्याच आठवड्यात तिनं माझ्या वहीचे फोटो मागवले आणि गिऱ्हाइकांची नीट यादी केली. कुणाच्या सुनेची पहिली संक्रांत, कुणाच्या बाळाचं बोरन्हाण, सगळं तारखेवार. मला इतकं हायसं वाटलं की मी वही उघडायचीच सोडली.

पण वहीत नसलेलं पुष्कळ माझ्या डोक्यात होतं. कुणाचं लग्न मोडलं, कुणाला काय विचारायचं नाही. ते तिला सांगायला हवं, हे मला सुचलंच नाही.

एकलहऱ्याच्या कॉलनीत एक सून आहे. तिच्या पहिल्या संक्रांतीचे दागिने मीच केले होते. मग, नामपूरची मुलगी कामाला लागण्याआधी, एका दिवाळीत त्या सुनेनं बाळाच्या बोरन्हाणाची ऑर्डर दिली: मुकुट, बासरी, वाळे. बाळ चार महिन्यांचं होतं. संक्रांत पंधरा दिवसांवर आली आणि ते तापानं गेलं. मी भेटायला गेले, तिच्याजवळ तासभर बसले, बाळाचं नाव न काढताच उठले. घरी आल्यावर वहीतल्या त्या ऑर्डरीवर काट मारायला हात धजला नाही. मुकुट तयार होता, तो कपाटात ठेवला. पुढे मुंग्यांनी संपवला.

पुढच्या वर्षी मार्गशीर्षात नामपूरच्या मुलीनं एक मेसेज लिहून मला दाखवला. बाळ आता किती मोठं झालं, यंदा बोरन्हाणाचे दागिने कधी हवेत, असा. मला फार आवडला. पाठोपाठ तिनं विचारलं, "ताई, बोरन्हाणाच्या यादीतल्या सगळ्यांना पाठवू? एखादं नाव वगळायचं का?" माझा पाक पुढे जाऊन घट्ट व्हायला लागला होता. सगळ्यांना पाठव आणि सारखं विचारत बसू नकोस, असं मी फोनमध्ये बोलून टाकलं.

दुपारी त्या सुनेचं उत्तर आलं. मुलीनं घाबरून ते मला पाठवलं. "काकू, बाळ नाही. तुम्ही तर आला होतात."

आणि मी मेलीनं काय करावं? आधी त्या मुलीला फोन लावला. अक्कल गहाण टाकली आहेस का, म्हणाले, उद्यापासून तुझं काम बंद. तिनं सगळं ऐकून घेतलं. "ताई, मी विचारलं होतं," एवढंच म्हणाली. मी फोन ठेवला.

मग सुनेला फोन केला. नवीन मुलगी आहे, तिची चूक झाली, असं धडधडीत खोटं सांगितलं.

"तिला रागावू नका काकू," ती म्हणाली. "घरात आता कोणी त्याचं नावसुद्धा काढत नाही. वर्षभरात माझ्या बाळाबद्दल विचारणारी ती पहिलीच. तिला काढू नका."

नाही गं, कशाला काढू, म्हणाले मी.

लगेच नामपूरला फोन लावला. उचलला नाही. दुसऱ्या दिवशी लावला, चार दिवसांनी लावला. माफी मागणारा मेसेज पाठवला, त्यालाही उत्तर नाही. मी कामावरून काढलं त्याच संध्याकाळी तिनं सगळी यादी मला परत पाठवून दिली होती. एक ओळ सोडून कुठे काही बदललेलं नव्हतं. एकलहऱ्याच्या त्या नावापुढे तिनं लिहिलं होतं: यांना मेसेज पाठवू नये, ताईंनी स्वतः जाऊन भेटावं.

मी अजून गेलेले नाही.