मागून येणारा माणूस

विडीचा वास आला की मला सातपुड्यातलं पाल आठवतं. मी आणि माझी मैत्रीण डोंगर भटकायला म्हणून धुळ्याहून तिथे दोन दिवस मुक्कामाला गेलो होतो. ज्या घरी उतरलो तिथल्या अक्कांनी जेवायला वाढताना फारच चौकशा केल्या. कुठल्या वाटेनं जाणार, सोबत पुरुषमाणूस नाही का, परत कधी येणार? आम्ही मुद्दाम उडवाउडवीची उत्तरं दिली. सकाळी सागाच्या वाळक्या पानांवरून चढताना मागून विडीचा वास आला. वळून पाहिलं तर खांद्यावर कुऱ्हाड घेतलेला एक माणूस. आम्ही थांबलो की तोही थांबे. मैत्रीण कुजबुजली, "त्या बाईनंच पाठवलाय याला." वळणावर पळत जाऊन आम्ही एका कपारीत लपलो. "ओ ताई!" अशा हाका मारत तो पुढे गेला, तसे आम्ही दुसऱ्या वाटेनं खाली उतरलो. अक्का दारातच उभ्या होत्या. "अन् तो कुठे शे?" त्यांनी विचारलं. "वर पिलंवालं अस्वल दिसलं होतं. तुम्ही सोबत नको म्हणाल, म्हणून न सांगता धाडला त्याला." तो आला तेव्हा दिवस मावळत होता. पायाला फडकं बांधलेलं, चाल लंगडी. आम्हाला पाहून तो ओट्यावर मटकन बसला. "बठ्ठा डोंगर धुंडा मी, सगळा. बऱ्या शेतस ना, ताई?" मैत्रीण म्हणाली, हाका ऐकूच आल्या नाहीत. इतक्या वर्षांनी आज पहिल्यांदा कबूल करते, त्याची प्रत्येक हाक आम्हाला ऐकू आली होती.